सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिकांवरून गळलेल्या चमकीबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. आज दुकान उघडल्यावर कामाला असलेल्या दोघींसमोर पुन्हा मोठ्याने वाचला, कारण त्यात लिहिलेलं त्यांनीही ऐकायला हवं होतं. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी तुम्ही आमच्याकडून प्रत्येकी ८५ रुपयांच्या ७० पत्रिका करून घेतल्या. पाकीट उघडलं की चमकी हातावर, पत्रिकेवरचा चमकीने भरलेला चंद्र अर्धा उघडा, काही पत्रिकांवर कडेची निळी शाई फुटलेली. कार्यक्रमाच्या दिवशी ती चमकी ओवाळायच्या तबकात आणि तिथून बाळाच्या गालावर गेली. दुकानात फोन केलात तर "ग्लिटर म्हटलं की थोडं गळणारच" असं उत्तर मिळालं. तुम्ही एकच तारा दिलात. तुमच्या जागी मी असते तर मीही तेवढाच दिला असता.

आधी त्या फोनबद्दल. ते वाक्य आमच्या दुकानातल्या मुलीने मनाने बोललेलं नाही. गिऱ्हाइकांना मीच ते अनेकदा सांगितलंय, ते ऐकून ऐकून तिच्या तोंडी बसलं. आणि ते वाक्य चुकीचं आहे. नीट बसवलेली चमकी गळत नाही. चार-पाच वर्षांपूर्वी केलेल्या राख्यांच्या पाकिटांवरची चमकी अजून जागच्या जागी आहे, काउंटरखालच्या खोक्यात ती पाकिटं ठेवलेली आहेत. म्हणजे तुमच्या पत्रिकांवरची गळली ती आमच्या कामामुळे.

काय झालं ते सांगते, कारण नुसतं "गैरसोयीबद्दल क्षमस्व" लिहून टाकणं मला बरं वाटत नाही.

तुम्हाला दाखवलेला नमुना गुळगुळीत आयव्हरी कार्डवर होता. तो आवडल्यावर तुम्ही म्हणालात, आजोबांना हातकागद फार प्रिय, त्यावरच करा. मी लगेच हो म्हटलं. तिथेच चुकलं. कागद बदलला की नमुना पुन्हा करायला हवा, तो मी केला नाही. हातकागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा असतो, आणि त्याला खळ कमी दिलेली असेल तर तो पाणी पितो. आयव्हरी कार्डवर गोंद वर राहतो आणि चमकी त्यात रुतून बसते. इथे गोंदाचा बराचसा भाग कागदाने पिऊन टाकला, वर पातळसा थर उरला, आणि चमकीच्या कणांना धरायला काही राहिलंच नाही. ज्या पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली त्याच पुण्यात मी कागदाचं काम करते. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. कागदात काही खोट नव्हती, तो त्याच्या स्वभावाप्रमाणे वागला.

शाई फुटली त्याचं कारण वेगळं. नमुन्यावर मी चंद्राचा ठसा पिगमेंट शाईने मारला होता. ही शाई सावकाश वाळते. ती ओली असतानाच तिच्यावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जादाची झटकायची आणि हीट गनने तापवायची. पावडर वितळते आणि रेघ उचलून येते, बोट फिरवलं तर हाताला लागते. ती रेघ शोभेची असते तशी कामाचीही असते. शेताच्या बांधासारखी ती आतला गोंद आत ठेवते आणि शाईला पाणी लागू देत नाही. तुमच्या पहिल्या ४० पत्रिका अशाच झाल्या. उरलेल्या ३० करताना दिवस कमी उरले म्हणून पावडरीची पायरी आम्ही गाळली आणि पटकन वाळते म्हणून डाय शाई वापरली. ही शाई वाळलेली दिसली तरी पाणी लागलं की पुन्हा सुटते, आणि पांढरा गोंद म्हणजे निम्मं पाणीच. त्या निळ्या कडा तिथून आल्या. पायरी गाळायला मीच सांगितलं होतं, त्या दोघींचा यात काही दोष नाही.

वरून ऑगस्ट. पांढरा गोंद त्यातलं पाणी उडून गेल्यावर धरतो, आणि त्या आठवड्यात पावसाने उघडीप म्हणून दिली नाही. ओला असताना गोंद दुधासारखा दिसतो आणि वाळला की पारदर्शक होतो, एरवी आम्ही त्यावरून ओळखतो. पण वरती चमकी असली की खालचा गोंद दिसतच नाही. हीट गनने घाई करता येत नाही, ओल्या गोंदावर झोत मारला की बुडबुडे येतात. आम्ही एक रात्र ठेवून सकाळी पत्रिका पाकिटात घातल्या आणि पाकिटं एकावर एक रचली. अर्धवट ओला चंद्र पाकिटाच्या आतल्या बाजूला घासत तुमच्या घरापर्यंत आला.

बाळाच्या गालाचं वाचून मला सगळ्यात जास्त लागलं. ही चमकी खायची नव्हे आणि अंगाला लावायचीही नव्हे. पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर देऊन तिचे षटकोनी तुकडे कापतात, बारीक जातीत एकेक तुकडा ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतो. डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचं, आणि तरी टोचत राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं. हे पत्रिका देतानाच मी सांगायला हवं होतं. तुम्ही प्लास्टिकचा मुद्दा काढलात तोही खरा आहे. युरोपीय संघाने १७ ऑक्टोबर २०२३ पासून हस्तकलेच्या सुट्या प्लास्टिक चमकीची विक्री बंद केली, ती याच कणांमुळे. यापुढे घरात लहान मूल आहे असं कळलं तर मी आधी अभ्रकाची भुकटी किंवा नुसतं चंदेरी एम्बॉसिंग सुचवीन. अभ्रक चमकीइतकं लखलखत नाही, त्याला मोत्यासारखी मंद झाक असते. हातकागदावर मला तर तेच जास्त शोभून दिसतं.

एक गोष्ट मात्र मला मान्य नाही. तुम्ही लिहिलंय की छापील पत्रिकेवर फेविकॉल लावून चमकी टाकली, हाताचं काम काहीच नाही. ताई, दोन पत्रिका शेजारी ठेवून पाहा. एकीत चंद्राची खालची कड ठळक असेल, दुसरीत वरची, कारण ठसा दाबताना हाताचा भार दर वेळी सारखा पडत नाही. ७० चंद्र दोन बायकांनी एकेक करून दाबले आहेत. आत गोंद भरला तोही बारीक तोंडाच्या बाटलीने, ठशातल्या ढगाची रेघ चुकवत. काम कमी पडलं ते मी कबूल करते, पण झालंच नाही असं कोणी वाचू नये, म्हणून हे लिहिलं.

आता तुमचे ५,९५० रुपये. ते सगळे परत देतेय, ३० पत्रिकांपुरते नव्हे. ज्या खात्यातून तुम्ही भरले होते त्यातच आज दुपारपर्यंत जमा होतील.

ज्या नातेवाइकांकडे पत्रिका आहेत त्यांना एवढं कळवा: पत्रिका वर्तमानपत्रावर उभी धरून मागून हलके टिचक्या माराव्यात, सुटी चमकी पडून जाईल. मग कोरड्या मऊ ब्रशने कड साफ करावी. ओलं फडकं पत्रिकेला अजिबात लावू नये. फरशीवर मात्र उलटं करा. केरसुणीने चमकी घरभर होते, ओल्या फडक्याने ती उचलली जाते. पैठणीवर पडली असेल तर झटका आणि ब्रश फिरवा, जरीला चिकटपट्टी लावू नका.

दुकानात आजपासून काळ्या मखमलीचा एक तुकडा टेबलावर ठेवलाय. चमकीची प्रत्येक पत्रिका, पावसाळ्यात पूर्ण दोन दिवस वाळल्यावर, त्यावर पालथी घालून हलकेच घासायची. मखमलीवर दोन-चार कणांहून जास्त दिसले तर ती पत्रिका गिऱ्हाइकाला जाणार नाही. आणि कागद बदलला की नवा नमुना करायचा, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

शेवटी तुम्ही लिहिलंय की आजोबांनी एक पत्रिका देवघरात ठेवलीय आणि तिचा चंद्रही गळतोय. ती आमच्याकडे पाठवू नका, वाटेत उरलेलाही गळेल. संध्याकाळी पाचनंतर तुम्हाला जमेल त्या दिवशी कळवा, मी ब्रश आणि गोंद घेऊन घरी येते. आजोबांच्या समोर बसून तो चंद्र पुन्हा भरून देईन, आणि तो वाळेपर्यंत पत्रिका आडवी कुठे ठेवायची तेही दाखवीन. आजोबांना माझा नमस्कार सांगा.