सुतावरून गलबत

सेवानिवृत्तीनंतर माणसाने काय करावे, याविषयी बँकेतील सहकाऱ्यांनी मला निरोप समारंभात पुष्कळ सल्ले दिले होते. त्यांत गलबत बांधण्याचा सल्ला कोणीही दिला नव्हता, हे मी त्यांच्या बाजूने आरंभीच नोंदवून ठेवतो. कल्पना सर्वस्वी माझी होती. माझे आजोळ अलिबागचे. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाण्यात ज्याच्या सुट्ट्या गेल्या, त्याच्या डोक्यात आंग्र्यांचे आरमार कायमचे नांगर टाकून बसलेले असते. त्या आरमारात गुराबा असत आणि गलबते असत. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, ३०० टनांपर्यंत जाणारी. गलबत तिच्याहून लहान, ७० टनांच्या पुढे क्वचितच सरकणारे, पण ४०-५० वल्ह्यांवर चालणारे, आणि वारा पडला की गुराबांना दोराने ओढत नेणारे. बँकेत ३४ वर्षे मीही साधारण तेच काम केलेले असल्यामुळे मी गलबत निवडले.

गलबत अर्थातच दिवाणखान्यात मावेल असे, ५४० मिलिमीटर लांबीचे. रचना ऐकायला सोपी आहे: तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायचा एक लांब कणा, त्याच्या खाचांत उभ्या बसवलेल्या १९ बरगड्या आणि त्यांवर बाहेरून चिकटवलेल्या सागाच्या पातळ पट्ट्या. पहिल्या चार बरगड्या मी फ्रेटसॉने, म्हणजे बारीक पात्याच्या करवतीने, हाताने कापल्या. त्यांची डावी बाजू आणि उजवी बाजू यांत सख्खेपणा राहिला नाही, आणि कण्यावर बसवल्यावर माझे गलबत बंदरातून निघण्यापूर्वीच कुशीवर झोपू लागले. तेव्हा पुण्याचा भाचा म्हणाला, ‘‘मामा, छोटं सीएनसी मशीन घ्या. तुम्ही फक्त चित्र द्यायचं, कापतं ते.’’

या वाक्यातील ‘फक्त’ या शब्दावर मी त्या वेळी थांबायला हवे होते.

यंत्र खोक्यातून सुट्या भागांत आले आणि दोन दिवसांत जोडले गेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याचे नाव ३०१८; म्हणजे ३०० मिलिमीटर लांब आणि १८० मिलिमीटर रुंद एवढीच त्याची जहागीर. कणा ५४० मिलिमीटरचा असल्यामुळे तो दोन तुकड्यांत कापून जोडणे आले, पण तेही मी मनाला समजावले. यंत्राला जी भाषा कळते तिला जी-कोड म्हणतात. हेलिकॉप्टरची पाती अचूक व्हावीत या खटपटीतून अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९५२ साली आकड्यांवर चालणारे पहिले मिलिंग यंत्र दाखवले गेले, आणि त्या घराण्याचे वळण असे माझ्या बाल्कनीपर्यंत पोचले. ‘जी० एक्स४० वाय२५’ म्हणजे हवेतून झटपट तिथे जा. ‘जी१’ म्हणजे कापत कापत जा. ‘एम३’ म्हणजे मोटर फिरव. ‘एम५’ म्हणजे थांबव. या ओळी वाचून यंत्राचे हातपाय हलवणारा ग्रबल नावाचा प्रोग्राम २००९ साली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी सुरू केला आणि तो अवघ्या ३२ किलोबाइट जागेत राहतो. इतक्या लहान जागेत संसार करणाऱ्यांविषयी डोंबिवलीकराला मुळातच आदर असतो.

अडचण यंत्राची नाही, मधल्या मध्यस्थाची आहे. आपण बरगडीचे चित्र काढतो. यंत्राला जी-कोडच्या ओळी हव्या असतात. चित्रावरून त्या ओळी तयार करणारे, म्हणजे कापणाऱ्या बिटाने कोणत्या वाटेने, किती खोल आणि किती वेगाने जावे हे ठरवणारे एक निराळे सॉफ्टवेअर लागते. हे सॉफ्टवेअर अत्यंत सभ्य आहे. ते आपल्याला कधीही प्रश्न विचारत नाही. मी बँकेत असताना चेकवर अक्षरी रक्कम आणि अंकी रक्कम जुळली नाही, तर तो चेक परत करत असे आणि खातेदार माझ्या कुळाचा उद्धार करीत; आज मला वाटते की त्या खातेदारांना या सॉफ्टवेअरच्या काउंटरवर एकदा उभे करायला हवे होते. इथे तारीख चुकवा, रक्कम चुकवा, सही उलटी करा, सगळे वटते.

पहिला चेक मापाचा होता. मला सुतारकामाची जी काही माहिती आहे ती इंच-सुताची आहे, म्हणून कण्याचे चित्र मी इंचात काढले. फाइलीत आकडा लिहिला जातो, पण तो इंचाचा की मिलिमीटरचा हे लिहिलेच जाईल असे नाही. सॉफ्टवेअरने सव्वाएकवीस हा आकडा वाचला आणि पुढे ‘मिलिमीटर’ असे स्वतःच्या मनाने समजून घेतले. मी घरातल्यांना बाल्कनीत बोलावून, उदबत्ती लावून, मोटर सुरू केली. बिट प्लायमध्ये उतरले, बसण्यापूर्वी कुत्रे जसे स्वतःभोवती गिरकी घेते तशी त्याने एका जागी गिरकी घेतली, आणि ‘काम पूर्ण झाले’ असा संदेश आला. प्लायवर सुपारीच्या खांडाएवढा एक खळगा पडला होता.

‘‘झालं?’’ बायकोने, म्हणजे ज्योत्स्नाने, विचारले.

‘‘हा कणा आहे,’’ मी म्हणालो.

‘‘मुंगीच्या गलबताचा?’’

माझ्या या पहिल्या बिटाची जाडी ३.१७५ मिलिमीटर होती. हा आकडा पाहून मी आठवडाभर अस्वस्थ होतो. तीन नाही, सव्वातीन नाही, हे ३.१७५ कुठून आले? शेवटी लोखंडी सामानाच्या दुकानात एका वृद्ध मिस्त्रींनी ते बिट अंगठ्यावर घासून पाहिले आणि म्हणाले, ‘‘एक सूत आहे की हे.’’ इंचाचा आठवा भाग, म्हणजे एक सूत. इतकी साधी गोष्ट त्या दशांश चिन्हामागे तोंड लपवून बसली होती. मात्र त्या ओळखीचा पुढे फारसा फायदा झाला नाही, कारण माझ्या कण्यातील खाचा तीन मिलिमीटर रुंद होत्या आणि एक सूत जाडीचे बिट तीन मिलिमीटरच्या खाचेत शिरत नाही. इथेही सॉफ्टवेअरने सभ्यपणाची कमाल केली. ‘साहेब, हे बिट जाड आहे’ असे सांगून मला खजील करण्याऐवजी त्याने त्या १९ खाचा गुपचूप वगळल्या आणि उरलेला कणा अतिशय सुबक कापून दिला. असा बिनखाचेचा कणा पट्टी म्हणून उत्तम चालतो. सध्या तो देव्हाऱ्याच्या दाराला अडसर आहे.

मग दोन मिलिमीटरचे बिट आणले. एका फेरीत किती खोल जावे या रकान्यात मी ०.५ लिहायला हवे होते तिथे ५ लिहिले. टिंबाचे महत्त्व बँकेतल्या माणसाला कोणी सांगायला नको, असे मी इतरांना नेहमी सांगत आलो होतो. नवे बिट तुटण्याचा आवाज फार लहान असतो, हरभऱ्याची डाळ दाताखाली फुटावी तेवढा.

पुढे प्रश्न आला बाजूचा. चित्रातील रेषेच्या बाहेरून कापायचे, आतून कापायचे की रेषेवरून कापायचे, असे तीन पर्याय असतात. बरगडी हवी असेल तर बिटाने रेषेच्या बाहेरून जावे लागते. आतून गेले तर भोक बरोबर मापाचे पडते आणि बरगडी दोन्ही बाजूंनी बिटाच्या जाडीएवढी रोडावते. मी सगळ्या बरगड्या ‘आतून’ कापल्या, कारण बरगड्या आत असतात. गलबताला कुपोषण झाल्यासारखे दिसू लागले. दुसऱ्या खेपेस ‘बाहेरून’ हा पर्याय निवडला, पण बरगड्या जागच्या जागी धरून ठेवणारे छोटे पूल, ज्यांना टॅब म्हणतात, ते ठेवायचे विसरलो. शेवटच्या फेरीत तेरावी बरगडी चौकटीतून सुटली, बिटाने तिला पकडून भिरकावले, आणि ती शेजारच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन पडली. शेजारच्या काकूंनी ती दुसऱ्या दिवशी परत आणून दिली व ‘तुमचं काहीतरी आलंय आमच्याकडे’ एवढेच म्हणाल्या. त्या स्वरात जे होते ते मी येथे उतरवू शकत नाही.

खोलीचा शून्य हा स्वतंत्र अध्याय आहे. बिट नेमके कुठे असताना खोली शून्य समजायची हे आपण यंत्राला हाताने शिकवायचे असते. त्यासाठी बिटाखाली पातळ कागद ठेवून बिट कणाकणाने खाली आणायचे आणि कागद किंचित अडकू लागला की तिथे शून्य धरायचा. माझ्यापाशी अलिबागच्या एसटीचे एक जुने तिकीट होते, तेच मी या कामी ठेवले आहे. पण सॉफ्टवेअरलाही विचारावे लागते की बाबा, तुझा शून्य लाकडाच्या माथ्यावर की तळाशी? मी विचारले नाही. त्याने तळ धरला, मी माथा धरला. त्या दिवशी यंत्र ४० मिनिटे अत्यंत डौलाने चालले. ना भुसा उडाला, ना करकर झाली. आवाजाची तक्रार घेऊन दर रविवारी येणारे सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातच थबकले आणि ‘आज बरंय हो’ असे म्हणून परत गेले. मी कृतार्थ होऊन बसलो होतो. नंतर पाहिले तेव्हा बिट संपूर्ण वेळ लाकडाच्या वर तीन मिलिमीटर ते शून्य या पट्ट्यात हवा कापत होते. सहाव्या बरगडीची हवेत कोरलेली ती प्रतिमा अचूक असणार याविषयी मला शंका नाही. दुसऱ्या दिवशी मी धोरण बदलले, सॉफ्टवेअरनेही (माझ्याच हातून) बदलले, आणि बिट लाकूड पार करून यंत्राच्या पाटात तीन मिलिमीटर उतरले.

जिचा मला सर्वांत जास्त त्रास झाला ती चूक मात्र माझी नव्हती. बरगड्यांची मूळ चित्रे भाच्याने कॉलेजात असताना काढून दिलेली होती. त्यांवरून बरगड्या कापून झाल्या, घासून झाल्या, आणि कण्यावर लावून पाहिल्या तर साऱ्याच सारख्या प्रमाणात लहान. मी कॅलिपर घेऊन बसलो. प्रत्येक बरगडी बरोबर सव्वासहा टक्क्यांनी कमी होती. सव्वासहा टक्के हा दर मला परका नाही. मुदत ठेवींच्या तक्त्यात मी तो हजारदा लिहिलेला आहे, पण प्लायवर तो उणे व्याजाने कोण आकारत होते ते कळेना. तीन रात्रींनंतर उलगडा झाला. चित्र काढण्याच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी एका इंचात ९० ठिपके धरत असत, आणि २०१७ साली ते ९६ धरू लागले. जुनी फाइल नव्या मोजपट्टीने वाचली की प्रत्येक इंचामागे सहा ठिपक्यांची कसर लागते, आणि ९६ मागे सहा म्हणजे शेकडा सव्वासहा. हा हिशेब जुळला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि खरे सांगायचे तर ताळेबंद जुळल्याचा तसला आनंद मला निवृत्तीनंतर प्रथमच झाला. मी ज्योत्स्नाला उठवून सांगितले. ती म्हणाली, ‘‘मग आता सव्वासहा टक्क्यांनी लहान गलबत करा आणि झोपा.’’ हा उपाय तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता, आणि म्हणूनच मला तो आवडला नाही.

बारीकसारीक गोष्टी मी सोडून देतो. गोल फिरणारे बिट आतला कोपरा कधीच काटकोनात कापू शकत नाही, म्हणून चौकोनी लाकूड खाचेत पुरते बसत नाही, म्हणून कोपऱ्याकोपऱ्याला थोडे जास्त कोरावे लागते आणि त्याला कुत्र्याचे हाड म्हणतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. ‘आज कुठपर्यंत आलं?’ या प्रश्नाला मी एकदा ‘आठव्या बरगडीला कुत्र्याची हाडं लावली’ असे उत्तर दिले होते आणि त्या वेळी घरात पाहुणे होते.

आठव्या महिन्यात गलबत झाले. नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, बाक दृष्ट लागण्याजोगा आला, डोलकाठ्या उभ्या राहिल्या, आणि मागच्या बाजूला लावायची नावाची पाटी तेवढी राहिली. नाव ठरलेलेच होते. इतके दिवस भुसा झाडणाऱ्या, दुपारची झोप गमावणाऱ्या आणि कुरडयांच्या प्रकरणात माझी बाजू मांडणाऱ्या व्यक्तीचे नाव गलबताला द्यायचे, हे मी तिला चार महिन्यांपूर्वीच सांगून चुकलो होतो. मी जी-कोडच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे साधन उघडले आणि ‘ज्योत्स्ना’ असे लिहिले. पडद्यावर जे उमटले त्यात पाय मोडलेला ज होता, पाय मोडलेला त होता, पाय मोडलेला स होता, आणि ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळांना धरून काना आणि मात्रा निराधार लोंबकळत होत्या. अपघात विभागात शिरल्यासारखे वाटले. दुसरा फॉन्ट घेतला, तिसरा घेतला; जोडाक्षर कुठेच जुळेना. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, असे नाव असेल तरच ते सॉफ्टवेअर शहाण्यासारखे वागत होते. मी वहीत यादी केली: मगर, गरज, नवल, कळप, अडचण, कमल. यांतील गलबताला शोभेल असे एकच होते. ते पहिल्याच खेपेस, एकही बिट न तोडता, सहा मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत असे रेखीव कोरले गेले की मी ती पाटी चिकटवून मोकळा झालो.

दिवाळीत भाचा आला. गलबतावरचा रुमाल मी त्याच्या आणि ज्योत्स्नाच्या देखत दूर केला. दोघे बराच वेळ बघत राहिले.

‘‘कमल,’’ ज्योत्स्नाने वाचले. ‘‘म्हणजे ठेव विभागात होत्या त्या?’’

मी काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर, ठिपक्यांची वर्तुळे, सारे क्रमाने समजावून सांगितले. सत्य इतके बनावट मी यापूर्वी कधी ऐकले नव्हते. शेवटी साक्षीदार म्हणून मी भाच्याकडे पाहिले.

‘‘तसं होतं खरं,’’ तो म्हणाला. त्याने नाळेवरून कौतुकाने बोट फिरवले. ‘‘पण मामा, नाव चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून त्याच्या रेषा करून घ्यायच्या आणि मग इकडे आणायच्या. कुठलंही नाव येतं. दोन मिनिटांचं काम.’’