दोन फ्री थ्रो आणि बांधाकडेचा तरवा

मागच्या रविवारी बेळगावात टिळकवाडीत पोरांची बास्केटबॉल मॅच बघायला गेलो होतो. पुतण्या टीममध्ये आहे. म्हणजे बारा जणांच्या यादीत नाव आहे आणि अंगावर जर्सी आहे. खेळताना त्याला यंदा कुणी पाहिलं नव्हतं, त्याच्या आईनेसुद्धा.

तिसरा क्वार्टर संपत आला होता. पुतण्याच्या टीमचा मुख्य गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन खेळ चालवणारा, ले-अपला (रिंगजवळ जाऊन चेंडू आत टाकायला) उडाला, समोरच्या पोराने हातावर मारलं, शिट्टी वाजली, आणि खाली येताना याचा पाय नेमका त्या पोराच्या बुटावर पडला. घोटा आत वळला. दोघांनी काखेत हात घालून बाहेर आणला, कुणीतरी पळत जाऊन रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला.

आता यातला नियम बघा. फाउल ज्याच्यावर झाला त्यानेच फ्री थ्रो (रेषेवर उभं राहून, कुणी न अडवता रिंगमध्ये टाकायचे चेंडू) मारायचे. पण तो जखमी होऊन बाहेर गेला, तर त्याच्या जागी जो आत येईल त्याला ते मारावे लागतात. कोचनी बेंचकडे वळून बोट केलं. पुतण्या उठला. तासभर सिमेंटच्या पायरीवर बसलेला पोरगा. ट्रॅकपँट काढायच्या घाईत एक पाय बुटात अडकला, मागून कुणीतरी हसलं. रेफरी खोळंबलेला, दोन्हीकडची पोरं रांगेत उभी, आणि हा वॉर्मअपनंतर पहिल्यांदाच चेंडूला हात लावतोय.

पहिला थ्रो रिंगलाही लागला नाही. दुसरा रिंगवर दोनदा नाचला आणि पडला एकदाचा आत. पुढे तो अकरा-एक मिनिटं खेळला. तीनदा चेंडू घालवला, एक फार सुंदर पास दिला (तो कुणाच्या लक्षात नाही), आणि मॅच सहा पॉइंटनी गेली.

निघताना एक पालक म्हणाले, "संधी मिळाली होती हो, पण पोराला सोनं करता आलं नाही."

हे वाक्य गेले चार दिवस डोक्यात भुणभुणतंय, म्हणून एवढं लिहितोय. संधीचं सोनं! पेपरात, बक्षीस समारंभात, भाषणात, सगळीकडे हेच. जणू एकाचा पाय मुरगळला की दुसऱ्याची लॉटरी लागते, आणि ते तिकीट वटवता आलं नाही तर दोष त्याचा. माझं म्हणणं सरळ आहे. बेंचवरच्या पोराने आत जाऊन काय केलं, याचा निम्म्याहून जास्त हिशेब तो आत जाण्याआधीच झालेला असतो. आणि तो हिशेब त्याच्या हातात नसतो, कोचच्या हातात असतो.

गणित मांडू. दहा मिनिटांचे चार क्वार्टर, कोर्टवर एका वेळी पाच जण. म्हणजे एका मॅचला एका टीमकडे खेळायची 200 मिनिटं असतात. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतो. क्रिकेटसारखं नाही, की एकदा अकरा ठरले की ठरले. तरीही आमच्याकडच्या बहुतेक टीम्स बघा. पाच जण जवळजवळ सगळी 200 मिनिटं खातात आणि उरलेले सात जण पाण्याच्या बाटल्या भरतात. मॅच वीस पॉइंटनी खिशात असली तरी पहिले पाचच आत! का, तर "रिस्क नको". मग घोटा वळला की त्याच कोचना बाराव्या पोराकडून एकदम सगळं पाहिजे असतं.

जेरेमी लिनची गोष्ट बास्केटबॉल बघणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. हार्वर्डमध्ये शिकलेला, एनबीएच्या (अमेरिकेतली सगळ्यात मोठी बास्केटबॉल लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुणी न घेतलेला, दोन टीम्सनी सोडून दिलेला. 2012 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क निक्सचे एकेक गडी दुखापतीने बाहेर गेले, कोचनी नाइलाजाने याला आत घातलं. 4 फेब्रुवारीला नेट्सविरुद्ध 25 पॉइंट, 10 तारखेला कोबी ब्रायंटच्या लेकर्सविरुद्ध 38. लागोपाठ सात मॅच जिंकले. तेव्हा तो दुसऱ्याच्या घरात सोफ्यावर झोपायचा, हे तर सगळेच रंगवून सांगतात. सोफा गोष्टीत छान दिसतो. पण 20 जानेवारीचं कुणी सांगत नाही. निक्सनी त्याला खालच्या लीगमध्ये ईरी नावाच्या गावच्या टीमकडून खेळायला पाठवलं होतं. तिथे त्याने 28 पॉइंट, 11 रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) आणि 12 असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास) केले. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये नशीब उघडायच्या पंधराच दिवस आधी या माणसाने मॅच खेळली होती, दम लागेपर्यंत पळाला होता, चुका करून झाल्या होत्या. त्याचं अंग गरम होतं. आमच्या पोराला ईरी कुठलं?

दुसरी गोष्ट 1980 ची. एनबीए फायनलच्या पाचव्या मॅचमध्ये लेकर्सच्या करीम अब्दुल-जब्बारचा घोटा दुखावला. सहावी मॅच फिलाडेल्फियात, आणि तो लॉस एंजेलिसला घरी टीव्हीसमोर. वीस वर्षांचा मॅजिक जॉन्सन, मूळचा गार्ड, करीमच्या जागी सेंटरला, म्हणजे रिंगजवळच्या उंच गड्याच्या जागी, उभा राहिला आणि 42 पॉइंट, 15 रिबाउंड करून कप घेऊन आला. हे ठाऊक असतं. पण त्याच मॅचमध्ये जमाल विल्क्सने 37 पॉइंट केले, आणि एरवी बेंचवरून येणारा मायकल कूपर सुरुवातीपासून खेळला. जागा एकाची रिकामी होते, सरकावं मात्र पाचही जणांना लागतं. रविवारी आमच्या पोराला चेंडू दिल्यावर बाकीचे चौघे जागचे हलतच नव्हते. तो कुठे पळतो, पास कुठे मागतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ठाऊक होणार कसं? सरावातसुद्धा पहिले पाच एकीकडे आणि उरलेले सात दुसरीकडे.

यावरून आज्जीची आठवण झाली. येळ्ळूरला आमचं थोडं भाताचं शेत होतं, बासमतीचं. रोप लावणी झाली की आज्जी उरलेला तरवा, म्हणजे लावणीची रोपं, टाकू द्यायची नाही. बांधाकडेला एका कोपऱ्यात, पाणी धरून राहील अशा जागी तो दाटीने लावून ठेवायची. आठ-दहा दिवसांनी कुठे रोपं मेलेली दिसली, कुठे खेकड्यांनी कातरलेली, की त्या कोपऱ्यातली काढून नांग्या, म्हणजे रिकाम्या पडलेल्या जागा, भरायच्या. आणि त्या कोपऱ्यावर तिचं लक्ष मुख्य वाफ्यापेक्षा जास्त. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "हेला वाळू दिल्यावर नांगीत काय गवत लावूलालास?"

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर कोच मंडळी रागावतील. त्यांच्यावरही दाब असतो. हरलं की संस्थेत विचारणा होते, आणि विचारणारे बहुधा कोर्टवर कधी न उतरलेले. आमच्याकडे फुटबॉलला आणि क्रिकेटला तरी माणसं गोळा होतात, बास्केटबॉलला कोर्टच मोजके. त्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावचा पाऊस, शेवाळलेलं सिमेंट. सरावाचे दिवसच हातात थोडे. कबूल. पण मॅचमागे पाच मिनिटं द्यायला पाऊस आडवा येत नाही.

आणि याच्यातलं सगळ्यात वाईट असं की जखमी पोराचंही यात नुकसान होतं. मागे कुणी तयार नसलं की त्यालाच लवकर उभा करतात. क्रेप बँडेज आवळायचं, स्प्रे मारायचा, जा आत. घोट्याचे लिगामेंट नीट बरे व्हायच्या आधी पळवला की तोच घोटा पुन्हा वळतो, आणि वळतच राहतो. गेल्या तीस वर्षांत असे दोन-तीन चांगले खेळाडू मी पाहिलेत. त्यातला एक आता जिना उतरताना कठडा धरतो.

तीस वर्षं म्हणालो, कारण मीही कॉलेजच्या टीममध्ये होतो. बारावा. दोन वर्षांत एकूण किती मिनिटं खेळलो ते सांगत नाही, लाज वाटते. एकदा धारवाडला मॅच होती. आमचा गार्ड पडला, गुडघा धरून ओरडत होता. तो माझा जवळचा मित्र, एकाच सायकलवरून कॉलेजला जायचो आम्ही. आणि तो खाली पडलेला असताना माझ्या पोटात सगळ्यात आधी जे उमटलं, तो आनंद होता. दोन सेकंद असेल. त्यानंतर जे वाटलं ते अजून गेलेलं नाही. हे मी कधी कुणाला बोललो नव्हतो.

रविवारी संध्याकाळी पुतण्याला स्कूटरवर मागे बसवून घरी नेत होतो. दुसऱ्या रेल्वे गेटला गेट पडलेलं. गाडी यायला वेळ होता, इंजिन बंद केलं. तो मागून म्हणाला, "काका, फ्री थ्रोला हात कापूलालते माझे." मी म्हटलं, कापणारच. मग का कुणास ठाऊक, त्याला ती धारवाडची गोष्ट सांगितली, त्या दोन सेकंदांसकट.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मालगाडी होती, लांबलचक. शेवटचा डबा गेल्यावर, गेट वर जाता जाता, हळूच म्हणाला, "मलापण तसंच झालं आज."

मी स्कूटर चालू केली. मंगळवारपासून तो सकाळी सहाला एकटाच कोर्टवर जातोय. काल तिथून येताना बघितलं, तर घोट्याला बँडेज बांधलेला त्यांचा गार्ड पायरीवर बसून त्याचे फ्री थ्रो मोजत होता.