पावसाचे पाणी आणि नदीचे प्रदूषण : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. पावसाचे पाणी शक्य तितके जागच्या जागी थोपवावे आणि जिरवावे, या माझ्या मांडणीवर आपले तीन आक्षेप आहेत. नद्या मैलापाण्याने नासतात, पावसाने नाही, तेव्हा हे दोन विषय एकत्र आणणे ही गल्लत आहे, हा पहिला. शोषखड्डे, पाणी झिरपू देणारी फरसबंदी आणि रस्त्याकडेचे खोलगट वाफे ढगफुटीपुढे निकामी ठरतात, हा दुसरा. शहराला खरी गरज मोठ्या व्यासाच्या पर्जन्यजलवाहिन्यांची असून बाकी सारे सुशोभीकरण आहे, हा तिसरा. दुसऱ्या आक्षेपात बरेच तथ्य आहे, तिसऱ्यात थोडे आहे, पहिला मात्र मला मान्य नाही. म्हणून त्याच्याविषयी अधिक विस्ताराने लिहितो.

जिथे मैलापाणी प्रक्रियेविना नदीत जाते तिथे तेच सर्वांत मोठे प्रदूषण असते, याबद्दल आपल्यात वाद नाही. वादाचा मुद्दा असा आहे की ते थांबवल्यावर नदी आपोआप स्वच्छ होते का. अमेरिकेने १९७२च्या जलप्रदूषणविषयक कायद्यानंतर कारखान्यांच्या आणि मैलाशुद्धीकरण केंद्रांच्या विसर्गावर कठोर मर्यादा घातल्या आणि त्यासाठी अवाढव्य खर्च केला. नद्या सुधारल्या, पण अपेक्षेइतक्या नाहीत. तेव्हा १९७९ ते १९८३ या काळात शहरी भागातून वाहून येणाऱ्या पावसाच्या पाण्याचा देशव्यापी अभ्यास करण्यात आला आणि त्यात शिसे, तांबे व जस्त हे धातू जवळजवळ सर्वत्र सापडले. त्यानंतर १९८७च्या दुरुस्तीने पर्जन्यजलाचा विसर्गही परवान्याच्या कक्षेत आणला गेला. ही दुरुस्ती बागकामाच्या हौसेपोटी झाली नव्हती, एवढे आपणही मान्य कराल.

याहून बोलके उदाहरण सिएटलच्या परिसरातील ओढ्यांचे आहे. तेथील काही ओढ्यांचे पुनरुज्जीवन केल्यावर कोहो सामन मासे समुद्रातून परतू लागले. परंतु पाऊस पडून गेला की अंडी घालण्यापूर्वीच ते तडफडून मरत. रोग, तापमान, कीटकनाशके ही नेहमीची कारणे एकेक करून बाजूला पडली. अखेर २०२० मध्ये संशोधकांनी दोषी पदार्थ शोधून काढला. टायरचे रबर लवकर तडकू नये म्हणून त्यात मिसळल्या जाणाऱ्या एका रसायनाचा हवेतील ओझोनशी संयोग होऊन एक विषारी संयुग तयार होते, आणि झिजलेल्या टायरच्या कणांसोबत ते पावसाच्या पाण्यातून ओढ्यात उतरते. म्हणजे शहरातील शेवटचा थेंबही मैलाशुद्धीकरण केंद्रात पोहोचवला असता तरी ते मासे मेलेच असते. रस्त्यावरचे तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या मिश्रणातून गाळून घेतल्यावर मात्र त्यात सोडलेले मासे जगले. आपण ज्या वाफ्यांना सुशोभीकरण म्हणता त्यांच्या पोटात साधारण हेच मिश्रण भरलेले असते.

शिवाय मैलापाणी नदीपर्यंत पोहोचवण्याचे काम अनेकदा पाऊसच करतो. जुन्या शहरांत मैला आणि पाऊस एकाच वाहिनीतून वाहतात; वाहिनी भरली की घराघरांत पाणी उलटे चढू नये म्हणून जादा प्रवाह नदीत सोडण्याची सोय मूळ रचनेतच असते. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाज चालवणे अवघड झाल्यावर जोसेफ बॅझलजेट यांनी लंडनसाठी उभारलेली व्यवस्था याच प्रकारची होती, आणि पुढे शहर इतके वाढले की किरकोळ सरीनेही मैला नदीत उतरू लागला. दोन्ही वाहिन्या वेगळ्या केल्या की प्रश्न मिटतो, असे आपण लिहिता. कागदावर तो मिटतो. प्रत्यक्षात कुणाचे तरी स्वयंपाकघर, कुणाचे तरी न्हाणीघर आणि कधी अख्खी इमारत चुकीच्या चेंबरला जोडलेली असते. याची पारख सोपी आहे: आठवडाभर पाऊस नसताना पर्जन्यजलवाहिनीच्या मुखातून पाणी वाहत असेल, तर एक तर भूजल किंवा नळाचे पाणी गळून त्यात शिरते आहे, नाहीतर तिला सांडपाणी जोडलेले आहे. पाण्यात रंग सोडून किंवा वाहिनीत कॅमेरा फिरवून तो जोड शोधता येतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून ते मागे पडते, असे माझे मत आहे.

आता ढगफुटीविषयी. चीनमधील चेंगचौ हे शहर पाणी शोषून घेणारे शहर व्हावे म्हणून मोठी गुंतवणूक करत होते. तिथे २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि भुयारी रेल्वेत अडकून माणसे मेली. असा पाऊस कोणताही वाफा जिरवू शकत नाही, पण हेही लक्षात घ्यावे की तो नेहमीच्या मापाच्या कोणत्याही वाहिनीतही मावत नाही. वाफे आणि शोषखड्डे साधारणपणे पहिल्या दोन-तीन सेंटिमीटर पावसासाठी बांधतात, कारण पावसाचे बहुतेक दिवस त्या मापात बसतात आणि रस्त्यावरची साचलेली घाणही बरीचशी त्याच पाण्याबरोबर धुऊन निघते. (मोठ्या पाणलोटात दूरचे पाणी उशिरा पोहोचत असल्याने ही पहिली घाण पुढच्या पाण्यात मिसळून जाते, म्हणूनच ती उगमाजवळ अडवणे सोयीचे.) महापुराच्या पावसासाठी तिसरा मार्ग लागतो. जुलै २०११ मधील अतिवृष्टीनंतर कोपनहेगनने ठरवले की जमिनीखाली न मावणारे पाणी जमिनीवरूनच, पण ठरवलेल्या वाटेने न्यायचे. काही रस्त्यांचा मध्य उंच ठेवण्याऐवजी खोलगट करायचा, उद्याने भोवतालच्या पातळीपेक्षा खाली घ्यायची आणि तळघरांऐवजी ती बुडू द्यायची, अशी ही योजना आहे.

मोठ्या वाहिन्यांबाबत एक हिशेब मांडतो. एक हेक्टर जमिनीवर तासाला ५० मिलिमीटर या गतीने पाऊस पडत असेल आणि ती जमीन गवताळ असून त्यातले साधारण वीस टक्के पाणी वाहून जात असेल, तर सेकंदाला सुमारे २८ लिटर प्रवाह निघतो. तीच जमीन छपरे आणि डांबराने झाकून नव्वद टक्के पाणी वाहू लागले, तर तो १२५ लिटरच्या घरात जातो. म्हणजे पाऊस जराही न वाढता वाहिनीवरचा भार चौपटीहून अधिक होतो, आणि वाढत्या शहरात ही झाकण्याची क्रिया दरवर्षी चालू असते. आज टाकलेली वाहिनी तिची उपयुक्तता संपण्याच्या कितीतरी आधी अपुरी पडते. त्यातच नदी भरून वाहिनीचे मुख बुडाले, की व्यास कितीही असला तरी पाणी मागेच तुंबते, आणि तुंबले नाही तर ते खालच्या वस्तीकडे अधिक वेगाने जाते.

तरीही वाहिन्या आणि बोगदे यांना माझा सरसकट विरोध नाही. लंडनने टेम्सखाली सुमारे २५ किलोमीटर लांबीचा आणि सात मीटरहून अधिक व्यासाचा बोगदा खोदला; २०२५ मध्ये तो पूर्णपणे जोडला गेला. शिकागोने १९७०च्या दशकात सुरू केलेल्या खोल बोगद्यांच्या आणि जलाशयांच्या योजनेचा शेवटचा टप्पा अजून व्हायचा आहे. या शहरांना हे करावे लागले, कारण जमीन कधीच झाकली गेली होती. वाढत्या शहराकडे अजून न झाकलेली जमीन आहे, आणि तिथे नव्या बांधकामाला परवानगी देताना ‘बांधकामापूर्वी जितके पाणी बाहेर जात होते त्याहून अधिक वेगाने ते जाता कामा नये’ अशी अट घालण्याचा खर्च बोगद्याच्या तुलनेत नगण्य आहे.

देखभालीविषयीची आपली शंका रास्त आहे. झिरपणारी फरसबंदी वेळोवेळी यंत्राने झाडून आणि शोषून स्वच्छ केली नाही तर काही वर्षांत बुजते. आणखी एक मर्यादा, जी आपण मांडली नाही, तीही सांगायला हवी: जिथे चिकणमाती आहे, भूजल वर आहे, किंवा जवळ पेट्रोल पंप वा रसायनांचे गोदाम आहे, तिथे पाणी जमिनीत जिरवू नये. तिथे तळाला अस्तर आणि खाली निचऱ्याची नळी असलेला गाळणथर बांधून गाळलेले पाणी पर्जन्यजलवाहिनीतच सोडावे लागते, आणि त्या जागी आपली वाहिनी मलाही हवीच आहे.