‘बुडत्याला काडीचा आधार’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. ‘नवा जन्म’ या माझ्या लेखावर तुम्ही म्हणता, की बुडत्याला काडीचा आधार, तसा मला येशू सापडला. मी तर जन्मानेच ख्रिस्ती, मग नवीन काय मिळालं? पंडिता रमाबाईही नवरा गेल्यावर खचून तिकडे वळल्या. आणि ज्या देवाने माझ्या नवऱ्याला वाचवलं नाही, त्याचे गोडवे मी कसे गाते?

आधी माझी चूक सांगते. लेखात मी ‘दुःखानेच मला देव दिला’ असं लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेते. एप्रिल 2021 मध्ये इथे इंदूरमध्ये हे गेले. दुःखाने माझी झोप नेली, भूक नेली, गाणं नेलं. दिलं काहीच नाही. शोकात बसलेल्या माणसाला गाठून वाटेल ते ऐकवणारे असतात, आमच्यातही आहेत. ‘प्रार्थना करताना तुमचा विश्वास कमी पडला असेल,’ असं एका भगिनींनी मला फोनवर सांगितलं. त्यानंतर दीड वर्ष मी चर्चमध्ये भक्तीला गेले नाही. तेव्हा तुमचा राग मला परका नाही.

पण रमाबाईंबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला मान्य नाही. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. पदरात तान्ही मनोरमा. या बाईने काय केलं? पुण्याला येऊन आर्य महिला समाज काढला, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली. बाप्तिस्मा झाला तो 1883 मध्ये, इंग्लंडात. खचलेल्या बाईची ही चाल नव्हे. आणि पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं: ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

माझं नेमकं तेच झालं होतं. धर्म मला पाळण्यात मिळाला. रविवारची भक्ती, प्रभुभोजन, नाताळच्या करंज्या, सगळं होतं. काडीच धरायची असती तर ती हाताशीच होती, आणि मी तीच सोडून दिली होती.

सासूबाईंना आता नीट दिसत नाही. त्यांच्यासाठी मी रोज संध्याकाळी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे. विश्वासाने नव्हे, औषधाच्या गोळ्या द्याव्यात तसं. यांनीच खुणेला घातलेली विजेच्या बिलाची पावती जिथे निघाली, तिथून एका संध्याकाळी लूकच्या शुभवर्तमानाचा 24 वा अध्याय सुरू केला. दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसला चाललेत, साधारण अकरा किलोमीटरची वाट. येशूला क्रुसावर मारलंय. वाटेत एक अनोळखी माणूस सोबतीला येतो आणि ते त्याला सांगतात, आमची आशा होती. होती! माझा आवाज तिथेच अडकला. सासूबाई म्हणाल्या, “थांबू नको गं. पुढे वाच.” त्यांचाही मुलगाच गेला होता.

पुढे तो अनोळखी त्यांना मतिमंद म्हणतो. मी ते लपवत नाही, मला ते आजही टोचतं. पण सोडून जात नाही. चालत राहतो, संध्याकाळी त्यांच्याबरोबर जेवायला बसतो, भाकरी मोडतो, आणि तेव्हा कुठे त्यांना कळतं की हाच तो येशू.

ते वाचताना मला शेजारच्या वहिनी आठवल्या. आम्ही विलगीकरणात असताना रोज संध्याकाळी त्या दारात स्टीलचा डबा ठेवायच्या, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून स्वतःची पोळी खायच्या, मी एकटी जेवू नये म्हणून. देवाचं नाव कधी काढलं नाही. त्या ख्रिस्ती नाहीत, व्हायची त्यांना गरजही वाटत नाही. पण कुणी आपल्याजवळ बसणं म्हणजे काय, ते मला त्या पायरीवर समजलं होतं. कोण बसलं होतं हे कळायला मात्र दीड वर्ष लागलं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. येशूचा मित्र लाजर मेला, तेव्हा त्याच्या बहिणीने, मार्थाने, येशूला तोंडावर सांगितलं, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तो तिच्यावर रागावला नाही. पुढे थडग्याकडे जाताना स्वतः रडला. येशूने हाक मारली आणि लाजर थडग्यातून उठला, माझा माणूस उठला नाही, आणि हा फरक मी रोज देवापुढे ठेवते. 88 वं स्तोत्र तर तक्रारीने सुरू होऊन अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थना म्हणून शास्त्रात आहे. गोडवे गाण्याआधी मला भांडायची मुभा मिळाली. ‘नवा जन्म’ म्हटलं ते याला. दुखणं गेलं म्हणून नव्हे.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय, की तुमचे वडीलही त्याच महिन्यात गेले. त्यांच्याबद्दल कुणी तुमच्याकडून नीट ऐकून घेतलं का? नसेल तर मला लिहा. मी देवाचा विषय काढणार नाही.