अनामिका लांब म्हणून मूल खेळाडू ठरत नाही

तर्जनीच्या लांबीला अनामिकेच्या लांबीने भागून येणारे गुणोत्तर पुरुषांमध्ये सरासरीने थोडे कमी असते, हे खरे आहे. जॉन मॅनिंग या ब्रिटिश संशोधकाने १९९८ मध्ये त्याचा संबंध लैंगिक संप्रेरकांशी जोडला आणि गर्भावस्थेत टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा प्रभाव जितका जास्त तितकी अनामिका तुलनेने लांब, ही कल्पना रूढ झाली. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहसंकुलात बोटे मोजून मुलांचा ‘क्रीडाकल’, म्हणजे कोणते मूल खेळात चमकेल हे, सांगणारे जे लोक आले होते, ते याच कल्पनेवर दुकान चालवतात: अनामिका लांब म्हणजे टेस्टोस्टेरॉन जास्त, म्हणजे मूल खेळाडू. त्यात विज्ञानाचा अंश आहे, म्हणूनच सुशिक्षित पालकही त्याला भुलतात.

मोजणी मी जवळून पाहिली. टेबलावर तळहात उताणा ठेवायचा, बोटाच्या मुळाशी असलेल्या घडीपासून टोकापर्यंत शाळकरी पट्टी लावायची आणि आकडा लिहायचा. तर्जनी ७० मिलिमीटर आणि अनामिका ७२ असेल तर गुणोत्तर ०.९७२ येते, तर्जनी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर तेच ०.९८६ होते. स्त्री-पुरुषांच्या सरासरीतील फरकच मुळी ०.०१ ते ०.०२ च्या आसपास आहे, त्यामुळे पट्टी किंचित सरकली की मुलाचा खेळ बदलतो! एका मुलीच्या आईला तर ‘हिला मैदानापेक्षा बैठे खेळ बरे’ असे सांगण्यात आले. ती मुलगी रोज खो-खो खेळते.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो संवेदनशीलतेचा मुद्दा. रक्तात संप्रेरक किती आहे एवढ्यावर काहीच ठरत नाही. पेशी त्याला किती दाद देतात, हेही पाहावे लागते. ही दाद देणाऱ्या ग्राहक प्रथिनाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, म्हणजे मुलग्याला ते आईकडूनच मिळते (‘बापासारखा दणकट’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे). या जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरे साधारणपणे वीस-बावीस वेळा लागोपाठ येतात आणि ही संख्या वाढली की ग्राहकाची कार्यक्षमता घटते. मॅनिंग यांनी २००३ मध्ये या संख्येचा बोटांशी संबंध असल्याचे मांडले होते, परंतु पुढील अभ्यासांत आणि २०१३ च्या एकत्रित विश्लेषणात तो आढळला नाही.

संवेदनशीलतेचे टोकाचे उदाहरण म्हणजे स्पेनची अडथळा-धावपटू मारिया होसे मार्तिनेस-पातिन्यो. १९८५ मध्ये कोबे येथील स्पर्धेत तिची गुणसूत्रे एक्सवाय, म्हणजे सहसा पुरुषांत असतात तशी, निघाली आणि तिला बाहेर काढण्यात आले. वास्तविक तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नव्हत्या, आणि १९८८ मध्ये तिला पुन्हा पात्र ठरवावे लागले. पूर्ण असंवेदनशीलता असलेल्या अशा स्त्रियांच्या बोटांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी गुणोत्तर इतर स्त्रियांसारखे निघाले, पण त्यांच्या आपापसांतील गुणोत्तरांत इतरांइतकीच तफावत होती. टेस्टोस्टेरॉनचा परिणाम सगळ्यांवर शून्य असूनही बोटे एवढी वेगवेगळी असतील, तर त्या तफावतीमागे दुसरीच कारणे असली पाहिजेत.

संकुलाच्या समितीने सभागृह पुन्हा देण्यापूर्वी या मंडळींना एवढेच विचारावे, की अहवालात ‘टेस्टोस्टेरॉन उत्तम’ असे छापताना रक्त कोणी तपासले होते. अर्थात ते तपासले असते तरी पेशींची संवेदनशीलता त्यातून कळली नसतीच.