बिबड्यांचं बिल

माझी सासुरवाडी अमळनेरची. खापरावरचे मांडे, आमरस, वर "अजून एक घ्याच" असा जो काय जावयाचा मान खान्देशात असतो तो मला लग्नानंतर काही काळ अगदी व्यवस्थित मिळाला. मग सासूबाई आणि त्यांची बहीण, म्हणजे मावशी, या दोघींनी बिबडे (म्हणजे ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, कुरडया आणि काळ्या मसाल्याचं ऑनलाइन दुकान काढलं, आणि तेव्हापासून मी तिकडे गेलो की ताटाच्या आधी लॅपटॉप पुढ्यात येतो.

मी पुण्यात आयटीत आहे. आयटीत असलेल्या माणसाला टीव्हीच्या रिमोटपासून जीएसटीपर्यंत सगळं येतं असा घरोघरी समज असतो, त्यात हे पडलं अमळनेर. १९४५ साली इथे वनस्पती तेलाची कंपनी निघाली आणि तिचीच पुढे विप्रो झाली, हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगतं. त्यामुळे सासूबाईंचा सवाल सरळ असतो: तेलाच्या कारखान्यातून सॉफ्टवेअर निघालं, मग तुमच्या सॉफ्टवेअरातून साधं बिल का निघत नाही? याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आधी हा सगळा कारभार मावशींच्या लाल वहीत चालायचा. गिऱ्हाईक बहुतेक सुरतेचं, कारण सुरतेला उधना-लिंबायतकडे गेलं की आपण खान्देश सोडून आलोय असं वाटतच नाही, आणि ताप्ती लाइनच्या रेल्वेने कोणी ना कोणी रोज सुरतेला जातंच, त्याच्या हातात पिशवी द्यायची की झालं. वहीत नोंद असायची, "२ किलो, लसणाचे, पैसे पोरीच्या लग्नानंतर." यात गिऱ्हाईक, माल, उधारीची मुदत आणि तिचं कारण सगळं आलं. हे कुठल्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या रकान्यात बसवायचं ते मला कोणीतरी सांगावं.

पण परराज्यात मसाला विकायचा म्हणलं की उलाढाल कितीही असो, जीएसटी नंबर लागतोच. नंबर आला की सीए आला, सीए आला की बिलाचे नियम आले. बिल नंबर ओळीने पाहिजे, आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको, आणि सोळा अक्षरांच्या वर जायला नको. ठीके, यात काय अवघड. आमच्या दुकानाच्या सॉफ्टवेअरने पहिलं बिल काढलं नंबर ११८ चं, दुसरं १३१, तिसरं थेट १७४. सीएचा फोन, "मधली बिलं कुठायत?" मी म्हणलं मधली बिलं नाहीतच. तो म्हणे, "सगळे असंच म्हणतात." 

मग कळलं की या सॉफ्टवेअरात सगळ्यांना एकाच माळेतून नंबर मिळतो, ऑर्डर असो, वेबसाइटचं पान असो की बिबड्याचा फोटो असो. मावशींनी गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून चढवले होते, प्रत्येक फोटोने एकेक नंबर खाल्ला. म्हणजे सरकारदरबारी मधली बिलं नव्हती पण त्यांचे फोटो होते. शेवटी बिलाचा नंबर ऑर्डरच्या नंबरपासून तोडला आणि पैसे जमा झाल्यावरच बिल फुटेल असं केलं, कारण एकदा फुटलेलं बिल डिलीट करता येत नाही, त्यावर क्रेडिट नोट काढावी लागते, आणि क्रेडिट नोट म्हणजे काय हे मावशींना समजावण्यापेक्षा ते बिल न फुटू देणं सोपं. जानेवारी उजाडला तसा नंबर पुन्हा एकपासून सुरू झाला ते वेगळंच, कारण सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या देशात वर्ष जानेवारीत बदलतं आणि आपल्याकडे हिशेबाचं वर्ष १ एप्रिलला. नंबरात २५-२६ असं घुसवलं तेव्हा तो थांबला.

नंबर सुधरले तर आता छपाई. स्क्रीनवर मराठी एकदम झकास आणि पीडीएफ काढली की त्यातली ऱ्हस्व वेलांटी उठून पुढच्या अक्षरावर जाऊन बसायची, बिबडेचं बबिडे आणि मिरची पूडची मरिची पूड, म्हणजे आम्ही सप्तर्षींपैकी एकाला दळून पाव किलोच्या पाकिटात विकतोय असं दिसायचं. रुपयाच्या चिन्हाचं तर काय सांगू, ते त्या फॉन्टात नव्हतंच, २०१० साली आलेलं चिन्ह अजून तिथवर पोचलेलं नाही, म्हणून त्या जागी प्रश्नचिन्ह. "एकूण ?५४०." धुळ्याच्या एका काकांनी फोन करून विचारलं, "भाव आजून ठरेल नही का भो?" आणि पुढे अर्धा तास घासाघीस केली, आणि मावशींनी त्यांना चाळीस रुपये सोडले पण!

टॅक्स हा तर स्वतंत्र अध्याय आहे. पापडाला जीएसटी नाही, आणि सरकारी यादीत चक्क लिहिलंय की पापड, मग त्याला कुठल्याही नावाने ओळखत असोत. ज्याने हे लिहिलं त्याने खान्देशात जेवण केलेलं असणार असा माझा अंदाज आहे. पण काळ्या मसाल्यावर ५ टक्के. महाराष्ट्रात गेला तर अडीच केंद्राचा सीजीएसटी आणि अडीच राज्याचा एसजीएसटी, सुरतेला गेला तर अख्खा पाच टक्के परराज्याचा आयजीएसटी. एकाच खोक्यात बिबडे आणि मसाला असले तर सॉफ्टवेअर दोन वेगळी बिलं काढायचं, एक बिनटॅक्सचं आणि एक टॅक्सचं, लोकांना वाटायचं दोनदा पैसे मागतायत. जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाला दोन्ही मिळून एकच कागद दिलेला चालतो, इनव्हॉइस कम बिल ऑफ सप्लाय असं भलंमोठं नाव आहे त्याचं, ते करून घेतलं. कुरडईचं काय म्हणून विचारलं तर सीए म्हणाला सध्या बिबड्यांवर लक्ष द्या.

हे सगळं लागलं आणि नवापूरची ऑर्डर आली. नवापूरचं रेल्वे स्टेशन तुम्हाला माहीत असेल, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत. तिथल्या एका ताईंनी राज्याच्या यादीत गुजरात निवडलं आणि पिनकोड टाकला आपला ४२५ वाला. सॉफ्टवेअरने मान डोलावून आयजीएसटी लावला. फोन केला तर म्हणतात, "घर महाराष्ट्रात आहे हो, पण पार्सल घ्यायला माणूस उभा राहील तो गुजरातच्या बाजूला." आता राज्य पिनकोडवरूनच ठरतं, गिऱ्हाइकाच्या मताला किंमत नाही, ४० ते ४४ म्हणजे महाराष्ट्र, त्यात ४०३ तेवढा गोव्याचा. गोव्याहून अजून कोणी बिबडे मागवलेले नाहीत पण आम्ही तयार आहोत.

राहिली ऑर्डर. सॉफ्टवेअरच्या मते ऑर्डरच्या अवस्था ठरलेल्या असतात, पेंडिंग, प्रोसेसिंग, कम्प्लीटेड, फार तर कॅन्सल्ड. आपल्याकडे माणूस रात्री दोन किलो मागवतो, सकाळी फोन करून "त्यातच एक किलो टाकून द्या", दुपारी त्याच्या मेव्हण्याचं पण त्यातच, मग एकाच घरी तीन खोकी, तीन कुरिअर चार्जेस आणि सगळ्यात खालचे बिबडे चुरा. म्हणून एकाच पत्त्याच्या न निघालेल्या ऑर्डरी एकत्र बांधायचं बटण करून घेतलं, आणि हे एकच काम असं आहे की ज्याबद्दल मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. यूपीआयचं दुखणं निराळं, गिऱ्हाइकाचे पैसे कापले जायचे आणि आमच्याकडे निरोप पोचायच्या आत सॉफ्टवेअर ऑर्डर रद्द करून मोकळं. "पैसा कापाई ग्यात ना भो, मना माल कोठे शे?" असे फोन रात्री अकरा वाजता मला यायचे, कारण वेबसाइटवर मदतीसाठी म्हणून नंबर माझा दिलेला आहे, हे मला अशाच एका फोनवरून कळलं. आता रद्द करण्याआधी सॉफ्टवेअर पेमेंटवाल्याला स्वतःहून विचारतं, बाबा पैसे आलेत का. मी शांत झोपतो.

पण या सगळ्याचा कळस म्हणजे विहीणबाई. माझी मेव्हणी सुरतेला दिलीय. सासूबाईंनी तिच्या सासरी डबा पाठवायचा म्हणून, कुरिअरची पावती आपोआप निघते या लोभाने, दुकानातूनच ऑर्डर टाकली, किंमत शून्य. शून्य रुपये कोणी भरत नसतं, त्यामुळे ऑर्डर पेंडिंग, आणि पेंडिंगला रोज सकाळी आठवणीचा मेसेज जातो ही सोय मीच मोठ्या हौसेने लावलेली. विहीणबाईंना मेसेज: "प्रिय ग्राहक, आपले पेमेंट बाकी आहे. न भरल्यास ऑर्डर रद्द होईल." सलग तीन दिवस. चौथ्या दिवशी व्याह्यांचा फोन, आवाज एकदम मऊ, "जवाईबापू, आम्हनाकडे काही बाकी ऱ्हाई गये का?" सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, ताट मात्र वाढलं, त्यात बिबडे नव्हते.

तिथल्या तिथे एक नवीन अवस्था बनवली, नाव ठेवलं "घरचं". यात टाकलेल्या ऑर्डरला बिल नाही, आठवण नाही, नुसती माल पोचवायची चिठ्ठी निघते. फार सुटसुटीत काम झालं, मलाच माझं कौतुक वाटलं. मग मावशींना ते बटण सापडलं. लग्नानंतर पैसे देणारे, कापूस विकल्यावर देणारे, "ते कुठं पळून जातात" वाले, लाल वहीतले सगळेच्या सगळे एकेक करून "घरचं" मध्ये गेले, आणि मी ते परत बाहेर काढत बसलो. महिनाअखेरीला सीएने माल किती गेला आणि बिलं किती फुटली याचा मेळ घातला आणि मला फोन केला. म्हणाला बाकी सगळं ठीके, फक्त एक सांगा, तुमच्या सासूबाईंचं घर नेमकं केवढं आहे?