म्हशीने तोंड फिरवलं तर?

नोकरीची सगळी वर्षं मी ढोरांच्या खाण्यापिण्यात घालवली. एका दूध संघात पशुआहाराचं काम, बडोद्याहून रोज पादरा, सावली, डभोई अशी फिरती. आजही मी घरात 'खोळ महाग झाली' म्हटलं की पुण्याची वहिनी गादीची खोळ समजते. आम्ही बडोदेकर पेंडीला खोळ म्हणतो, आता या वयात काय सुधारणार!

तर भाच्याने बातमी पाठवली. गाईला समुद्री शेवाळ खायला घाला, मिथेन ८० टक्के कमी. खाली लिहिलं होतं, 'मामा, तुमचं खातं!'

बातमी खोटी नाही. अ‍ॅस्परागॉप्सिस नावाचं लालसर शेवाळ आहे. कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, चारा आंबतो तेव्हा हायड्रोजन सुटतो, आणि तिथले काही सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात. या शेवाळातलं ब्रोमोफॉर्म नेमकी शेवटची पायरी अडवतं. मिथेन मागून जातो असं लोक समजतात आणि हसतात, पण तो बहुतेक सगळा ढेकरांतून येतो. हा वायू हवेत सुमारे १२ वर्षंच टिकतो, पण १०० वर्षांचा हिशेब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापवतो. शिवाय जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातली ऊर्जाही ढेकरेबरोबर वाया जाते, म्हणजे मालकाचंही नुकसानच. तेव्हा विषय थट्टेचा नाही.

८० टक्क्यांचा आकडा कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाचा, २०२१ मध्ये छापून आलेला. मांसासाठी पोसलेले गोऱ्हे, खाणं मोजून, पाच महिने. पण ऑस्ट्रेलियात वाग्यू या मूळच्या जपानी जातीच्या जनावरांवर ३०० दिवसांचा प्रयोग झाला, तिथे घट २८ टक्क्यांच्या आसपासच आली आणि जनावरांना वजन धरायला जास्त दिवस लागले. हा आकडा काही फॉरवर्ड होत नाही. दुभत्या गाईंचंही तसंच. डेव्हिसच्याच २०१९ च्या प्रयोगात शेवाळाचं प्रमाण वाढवलं तसं मिथेन दोन तृतीयांश घटलं, पण गाई कमी खायला लागल्या आणि दूधही उतरलं. नेदरलँड्समधल्या एका छोट्या प्रयोगात तर गाईंनी शेवाळ घातलेलं खाणं चक्क टाकलं, आणि ब्रोमोफॉर्मचा अंश दुधात सापडला.

हे वाचलं आणि मला पादऱ्याकडची एक म्हैस आठवली.

सुरती जातीची, विळ्यासारखी शिंगं. खनिज मिश्रणाची पुडी घेऊन गेलो होतो. गोठ्याच्या बेनला समजावलं आणि पुडी स्वतःच दाणात, म्हणजे खुराकात, कालवली. म्हशीने वास घेतला, फुस्स केलं, मग नाकाने दाण गव्हाणीच्या एका कडेला सारलं आणि खालचा कोरडा कडबा शांतपणे खायला लागली. कडबा संपल्यावर माझ्याकडे बघितलं. बेन पदराआड हसत म्हणाली, 'साहेब, पहेलां तमे चाखो.' मी चाखलं. म्हशीचं बरोबर होतं.

म्हणून मला आधी शेवाळ नको, आधी चारा सुधारा. तीन लिटर देणारी म्हैस काय आणि दहा लिटर देणारी काय, स्वतःचं अंग सांभाळायला खावं लागतंच, आणि खाल्लं की ढेकर आलाच. तीन लिटरवालीचा तो ढेकर तीनच लिटरांवर वाटला जातो. शेजारच्या आणंदला राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने संतुलित आहाराचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालवला, त्याचं गणित हेच: त्याच जनावराला नीट जुळवून खायला घाला, दूध वाढतं आणि लिटरमागचा मिथेन घटतो. बंगळुरूच्या पशुपोषण संस्थेने 'हरित धारा' नावाचं वनस्पतींपासूनचं पूरक काढलंय. घट १७ ते २० टक्के सांगतात. ८० पुढे फिकं वाटतं खरं, पण माझ्या मते आपल्या गव्हाणीच्या जास्त जवळचं आहे.

२०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींवर गाई-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी निघाल्या. बहुतेक कोणाच्या तरी दारातल्या दोन, फार तर चार. शेकडो जनावरं एकत्र पोसायचे फीडलॉट नाहीत, खाणं कालवायचा मिक्सर नाही. रावपुऱ्यात रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेल्या गाईला तर शेवाळाचा डोस कोण देणार? तिला सकाळी आमच्या सौ.ची पोळी, दहा वाजता शेजारच्या बांच्या भाखऱ्या, दुपारी उकिरड्यावरची पिशवी, गाठीसकट.

आणि पैशाचं काय? त्या म्हशीची गोष्ट तिथे संपली नव्हती. बेनने माझी पुडी फेकली नाही. गुळाच्या पाण्यात चिमूट, दुसऱ्या दिवशी दोन चिमूट, असं करत पंधरवड्यात म्हशीला सवय लावली. ही युक्ती आमच्या कुठल्याच पत्रकात नव्हती. तीन महिन्यांनी मंडळीत, म्हणजे गावच्या दूध सोसायटीत, भेटली तर हातात दुधाची चिठ्ठी. फॅट ६ वरून साडेसहावर. पुडीमुळेच की हिरवा चारा आला म्हणून, मी पैज लावणार नाही, पण तिने मला विचारलं, दुसरी पुडी कधी आणणार?

मंडळीत सकाळ-संध्याकाळ फॅट मोजतात आणि त्यावर पैसे मिळतात. शेवाळाची पुडी घेऊन उद्या एखादा तरुण साहेब तिच्या दारात गेला तर ती चिठ्ठीच पुढे करेल, आणि त्या चिठ्ठीत ढेकरांचा रकाना नाही.

भाच्या, तुझ्या बातमीत पुडीची किंमत कोण देणार ते कुठे लिहिलं असेल तर तेवढं कापून पाठव.